वाढत्या घराला सात सीटची गाडी लागतेच का? बेळगावातल्या गल्लीतून काही महिन्यांचा अनुभव

सात माणसांच्या घराला सात सीटची गाडी हवी, हा हिशेब कुणालाही पटतो. आमच्या घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, चौथीतली मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि आता वर्षाचं होत आलेलं बाळ, अशी बरोबर सात डोकी. पण गेल्या दसऱ्याला घेतलेली गाडी इतके महिने चालवल्यावर माझं मत असं झालंय की डोकी मोजून काही कळत नाही. सातजण एकदम गाडीत बसण्याचे प्रसंग आमच्याकडं सणावारापुरते. मोठी गाडी घ्यावी लागली ती बाळाच्या एका सीटमुळं.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आलं की वाद नावावरच जातो. तीन रांगा, दीड लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर, लांबी चार मीटरच्या वर, एवढं पुरे. शहरात मी चालवते, हायवेला नवरा.

आधी आमच्याकडं हॅचबॅक होती. मागच्या बाकावर बाळाची सीट पट्टा लावून नीट बसवली की उरलेल्या जागेत दीड माणूस मावतो. तिथं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दोन मुलं कशी बसणार? बाळ लहान असताना ही सीट उलट्या तोंडाची, म्हणजे बाळाचं तोंड मागं आणि पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला. त्यामुळं तिच्यापुढची सीटही पुढं ओढावी लागते आणि तिथं बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, ही उलटी सीट लावायचीच नसते. सासऱ्यांचं म्हणणं, "आम्ही ह्यांना मांडीवरच घेऊन फिरवलं की, काय झालं?" काही झालं नाही हे नशीब. गाडी वेगात असताना अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं बाळ कुणाच्याही हातात राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं, त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. आपल्याकडं तो कुणी लावताना दिसत नाही ही गोष्ट वेगळी.

तर आता मधल्या रांगेत एका खिडकीला बाळ, दुसऱ्या खिडकीला आई, मध्ये मी किंवा मुलगा. बाबा, म्हणजे सासरे, पुढं. मुलगी मागच्या रांगेत, एकटी, पुस्तक घेऊन. रोजची बैठक ही अशी. म्हणजे तिसऱ्या रांगेतली एकच सीट उघडी असते आणि दुसरी आडवी पाडून तिथं बाळाची ढकलगाडी ठेवलेली असते. ही अर्धी-अर्धी पडणारी तिसरी रांग आमच्यासाठी सगळ्यात कामाची ठरली. शोरूममध्ये तिचं नावही कुणी काढलं नव्हतं. तिथं सनरूफ दाखवत होते.

तिसऱ्या रांगेत जायचं कसं, हे मात्र घेण्याआधी करून बघावं. मधली सीट दुमडून पुढं सरकवायची आणि फटीतून आत शिरायचं, अशी या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची सोय. पण ज्या बाजूला बाळाची सीट बसवली ती बाजू दुमडत नाही. मग मागं जायचा रस्ता एकच उरतो, दुसऱ्या बाजूनं, आणि तिथं आई बसलेल्या. आईंचे गुडघे दुखतात, त्यांना प्रत्येक वेळी खाली उतरवून पोरांना आत सोडणं जमणारं नाही. शेवटी पोरं डिकीच्या दारातून चढतात आणि सीटवरून उडी मारून बसतात. त्यांना हे फार आवडतं. मला नाही, कारण पावसात सगळा चिखल मागच्या सीटच्या कापडाला. मधल्या रांगेत दोन वेगळ्या खुर्च्या आणि मध्ये वाट, अशी सहा सीटची गाडीही मिळते. तीन मुलं आणि एकच आजी किंवा आजोबा असलेल्या घरानं ती आधी बघावी.

आता दार. ही गोष्ट कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. वडगाव-शहापूरच्या जुन्या गल्ल्यांत घरं एकमेकांना चिकटून, दोन्ही बाजूंना कट्टे, त्यात कुणाच्या तरी दोन मोटरसायकली. गाडी कट्ट्याला लावून उभी केली की दार अर्धंच उघडतं, आणि अर्ध्या दारातून बाळाला सीटमध्ये बसवून पट्टे लावणं हा रोजचा व्यायाम. सासऱ्यांकडं पूर्वी मारुतीची ओम्नी होती. १९८४ पासून २०१९ पर्यंत चाललेल्या त्या व्हॅनचं सरकतं दार अशा गल्लीत किती सोयीचं होतं हे आता कळतं. परदेशातल्या मिनीव्हॅनला सरकती दारं असतात ती याचसाठी. आपल्याकडं आता सरकत्या दाराची म्हणजे स्वस्तात ईको, आणि मग एकदम कार्निव्हल किंवा वेलफायर. मधल्या किमतीतल्या एर्टिगा, कॅरेन्स, ट्रायबर, इनोव्हा सगळ्यांना बाहेर उघडणारी साधी दारंच. मी मुलांना गल्लीच्या तोंडाशी उतरवते आणि बाळाला घेऊन चालत येते.

लांबीचंही तेच. ट्रायबर चार मीटरच्या आत बसते, एर्टिगा साधारण ४.४ मीटर, कॅरेन्स ४.५४, इनोव्हा क्रिस्टा ४.७ च्या वर. कागदावर हे फरक किरकोळ दिसतात. नवऱ्यानं उद्यमबागेतल्या आपल्या वर्कशॉपमधून टेप आणून गल्लीतलं वळण मोजलं, आणि क्रिस्टाचा विचार तिथंच संपला. गणपतीत मांडव पडला की कुठलीच गाडी आत येत नाही, हे धरूनच चालायचं. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री तर गाडी बाहेर काढायचीच नाही.

सात सीटच्या गाडीची खरी गोम डिकीत आहे. तिन्ही रांगा उभ्या असताना एर्टिगाची डिकी २०९ लिटर, कॅरेन्सची २१६, ट्रायबरची ८४. आणि स्विफ्टसारख्या हॅचबॅकची? २६५. म्हणजे सातजण बसवले की सामानाला जागा लहान गाडीपेक्षाही कमी. आमच्याकडं हे पहिल्यांदा अंगावर आलं ते सौंदत्तीला जाताना. यल्लम्माला जाऊन पडली भरायची, देवीला नैवेद्य दाखवायचा, म्हणजे नैवेद्याची भांडी, शेगडी, चटया, पाण्याचे कॅन, भाकरीचं गाठोडं, आणि बाळाची वेगळी पिशवी. सातजण बसले, डिकी लागेना. शेवटी चटया मुलांच्या पायाखाली, भांडी आईंच्या पायाशी आणि गाठोडं माझ्या मांडीवर. वर कॅरिअर बसवता येतं, पण सगळ्यांत जड सामान सगळ्यांत वर ठेवून घाटात जायला मी तयार नाही. सीएनजीचा विचार करणाऱ्यांनी तर डिकी उघडूनच बघावी, टाकी कुठं आहे ती. आम्ही पेट्रोल घेतली ती याच कारणानं. शहरात बारा-तेरा, हायवेला हलक्या पायानं सतरा-अठरा देते. सातजण आणि एसी असला की अर्थात कमी.

भरलेली गाडी आणि रिकामी गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. कोल्हापूरकडं जाताना वंटमुरीच्या घाटात एकटा माणूस पाचव्यात सहज जातो, सातजण असले की चौथा, कधी तिसरा. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी टायरमधली हवा वेगळी दिलेली असते, ती भरून घ्यायची. आणखी एक गोष्ट: मागं वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. निपाणीहून रात्री येताना समोरचे सारखे डिपर मारत होते. स्टिअरिंगजवळ झोत खाली करायची एक छोटी चकती असते, ती फिरवली तेव्हा थांबले.

चोर्ला घाटाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बेळगावच्या माणसाला गोवा सुटत नाही. जांबोटीपर्यंत सगळे खुशीत असतात. कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमापाशी, थांबून चहा होतो. त्यानंतरच्या वळणांत तिसऱ्या रांगेतलं माणूस हिरवं-निळं होतं. ती रांग मागच्या चाकांच्या जवळजवळ वर असते, त्यामुळं प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक झोका तिथं जास्त बसतो. त्यात सीट खालची, गुडघे वर, खिडकी लहान आणि समोर दुसऱ्या सीटची पाठ. रस्ता दिसत नाही, शरीर मात्र डोलतं, आणि पोट ढवळतं. मुलगी सपाट रस्त्यावर मागं मजेत असते, घाटात नाही. म्हणून कणकुंबीला आम्ही बैठक बदलतो: मुलगी मधे येते आणि मी मागं जाते. मोठ्या माणसाला तिथं तासभर ठीक. माझी उंची पाच फूट दोन, तरी गोव्यात साखळी गावाला उतरल्यावर पाय सरळ करायला वेळ लागतो. सहा फुटी दिराला मागं बसवून आंबोली घाट उतरायचा बेत त्यानं स्वतःच रद्द केला.

एसीबद्दल एकच सांगते. एप्रिल-मेमध्ये मागच्या रांगेला स्वतःची हवेची जाळी आहे का, की मधल्या छतावरूनच हवा ढकलायची आहे, हे दुपारी दोन वाजता गाडी चालवून बघावं. सकाळी शोरूममध्ये सगळंच गार लागतं.

पैशाकडं येते. सीमेवरच्या माणसाला हा प्रश्न पडतोच: गाडी कोल्हापुरातून घ्यावी का? आमच्याही घरी पडला. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला कर्नाटकात रस्ता कर १७ टक्के, वर त्या करावर उपकर. महाराष्ट्रात १२ टक्के. फरक चांगलाच आहे, आणि मामेभावाचा सल्ला तयार होता, "एमएच-०९ वर घे की, कोण विचारतंय?" पण राहणार बेळगावात, तर गाडी बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्याच्या नंबरवर ठेवता येत नाही. मग इथला कर भरा, तिथला परत मागायला कागद घेऊन फिरा. आम्ही सरळ केए-२२ केली. उलट दुसरीकडं वाचवता येतं. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के कर, म्हणजे वरचं मॉडेल घेताना किंमत दहा लाखांची रेघ ओलांडते का एवढं बघा. रेघ ओलांडली की टक्का पूर्ण रकमेवर चढतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीत चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांत आल्या, त्याहून मोठ्या ४० टक्क्यांत. त्यामुळं ट्रायबर आणि बाकीच्या सात सीटच्या गाड्या यांच्यातली दरी आणखी रुंदावली. ट्रायबरची तिसरी रांग काढून घरी ठेवता येते आणि मग डिकी ६२५ लिटरची होते. चढावर तिचं एक लिटरचं इंजिन सातजणांना घेऊन दमणार, पण शहरात फिरणाऱ्या घराला मी ती आनंदानं सुचवेन. टोलचं ओझं मात्र वाढत नाही. कोगनोळी असो की हत्तरगी, कार-जीप-व्हॅन एकाच रांगेत.

भाड्याच्या गाडीचा हिशेबही प्रामाणिकपणे केला होता. वर्षातून दोन-तीनदा सातजण जाणार असतील तर ड्रायव्हरसकट इनोव्हा सांगावी, दार उघडून बसावं. मोठ्या गाडीच्या जास्तीच्या हप्त्यात तिचं भाडं निघून वर जोतिबा आणि नरसोबाची वाडीही होते. आमचं गणित फिरलं ते फक्त रोजच्या बैठकीमुळं: बाळाची सीट, आईंचे गुडघे आणि दोन शाळकरी मुलं एकाच वेळी गाडीत. यातलं एक जरी नसतं तरी हॅचबॅक विकली नसती.

बाळ मोठं होऊन साध्या उंचवट्याच्या सीटवर आलं की गरज पुन्हा कमी होईल, हेही मला दिसतंय. पण तोवर मुलगी उंच होईल, आणि गाडी आपण दोन वर्षांसाठी घेत नाही.

खानापूरच्या माझ्या भावाला दोन मुलं, आई-वडील गावाकडं शेतात रमलेले. तो गाडी बघायला आला, मागं बसून पाहिलं, डिकी उघडली, सगळं ऐकून घेतलं आणि गेल्या महिन्यात पाच सीटचीच घेऊन आला. सगळ्यांना घेऊन कुठं जायचं झालं की तो आमचीच मागून नेतो. पेट्रोल भरून देतो म्हणतो आणि काटा पाव टाकीवर ठेवून परत आणतो.