.३७५ एच अँड एच मॅग्नम: घरी काडतुसं भरणाऱ्यांसाठी कसं आहे?

मोठ्या कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे गोळीचा साधारण व्यास, इथे इंचात) पहिली रायफल घ्यायची म्हटलं की बरेच जण थेट .४५८ वरच उडी मारतात, मला ते कधी पटलं नाही. खांद्याला एकदा त्या दणक्याची धास्ती बसली की ट्रिगर दाबायच्या आधीच माणूस दचकतो आणि गोळी भलतीकडेच जाते. .४१६ रिग्बी भारी आहे, वाद नाही, पण केस (काडतुसाची पितळी पुंगळी) एवढी मोठी की पावडर नुसती पिते. .३७५ एच अँड एच मात्र १९१२ चं, हॉलंड अँड हॉलंडने काढलेलं, म्हणजे शंभरी कधीच उलटली, तरी पहिली रायफल म्हणून मी अजून हेच सांगतो. ३०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी सेकंदाला साधारण २५०० फुटांनी सुटते, आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी रानम्हैस वगैरे धोकादायक जनावरांसाठी .३७५ हेच किमान कॅलिबर धरतात आणि तरी दणका सरावाने सहन होण्यातला आहे.

रीलोडिंगवाल्यांना, म्हणजे घरी काडतुसं भरणाऱ्यांना, आवडण्याचं खरं कारण म्हणजे गोळ्यांची रेंज. २३५ ग्रेनपासून ३५० ग्रेनपर्यंत मिळतात, त्यामुळे हरणासाठी हलकी आणि म्हशीसाठी जड, रायफल तीच. सरावासाठी सौम्य लोडही (कमी पावडर) भरता येतो, फक्त रीलोडिंग मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका, विशेषतः सावकाश जळणारी पावडर असेल तर, कमी भरली म्हणजे सेफ असं गणित तिथे चालत नाही. पूर्ण तांब्याच्या गोळ्या घेणार असाल तर त्या तेवढ्याच वजनाच्या शिसं भरलेल्या गोळीपेक्षा लांब असतात, केसमध्ये जास्त आत बसतात, म्हणून त्यांचा डेटा वेगळा बघायचा, दुसऱ्या गोळीचा आकडा उचलून चिकटवायचा नाही.

आता डोकेदुखी. ती म्हणजे केसच्या बुडाजवळचा तो बेल्ट, पितळेचं जाड कडं. केसचा खांदा (तोंडाकडे निमुळता होणारा भाग) उतरता आहे, चेंबरमध्ये (रायफलमधली काडतूस बसायची जागा) सुरसुर जाते आणि सुरसुर बाहेर येते, पण उतरत्या खांद्यावर अडकून काडतूस नेमकं कुठे थांबणार याचा भरवसा कमी, म्हणून ते काम बेल्टकडे दिलं. नव्या काडतुसाला हे ठीक आहे. पण डायबरोबर (उडवलेली केस परत मापात दाबायचा साचा) आलेल्या कागदातलं वाचून आपण डाय शेलहोल्डरला (केसचं बूड धरणारा तुकडा) टेकेपर्यंत खाली घेतो आणि खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला जातो, बेल्टमुळे बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) तरी व्यवस्थित बंद होतो म्हणून कळतही नाही. मग प्रत्येक फायरला पितळ पुढे ताणलं जातं, बेल्टच्या जरा वर आतून पातळ होत जातं आणि एक दिवस केस तिथेच तुटते, पुढचा तुकडा चेंबरमध्येच. समोर म्हैस असेल तर कल्पना करा! त्यापेक्षा डाय थोडा वर ठेवा, स्वतःच्या रायफलमध्ये उडवलेली केस सायझ करत करत (डायने मापात दाबत) बोल्ट जेमतेम सहज बंद होईल तिथे थांबा, म्हणजे काडतूस खांद्यावर टेकतं आणि बेल्ट नुसता शोभेला उरतो.

तपासायला महागडं काही लागत नाही. पेपरक्लिप सरळ करायची, टोकाला बारीक आकडा वाकवायचा आणि केसच्या आत तळापासून भिंतीला घासत वर आणायची. बेल्टच्या वर जरा खाच लागली, टोक क्षणभर अडकल्यासारखं वाटलं, की ती केस सरळ भंगारात. बाहेरून चकचकीत रेघ दिसायला लागली असेल तर पेपरक्लिपचीही गरज नाही.

क्रिंपचा, म्हणजे केसचं तोंड गोळीवर आवळण्याचा, कंटाळा करू नका. दणक्याने मॅगझिनमधली काडतुसं पुढच्या भिंतीवर आपटतात आणि गोळी आत सरकते. सगळ्यात खालच्या काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजून ठेवा, वरची उडवा, परत मोजा. लांबी कमी झाली असेल तर क्रिंप कमी पडतोय. केसेस एका लांबीच्या ट्रिम केल्या नसतील तर क्रिंपही एकसारखा येणार नाही, एकीला कमी आणि एकीला इतका की खांदाच फुगतो.

रायफलबद्दल एवढंच की काडतूस लांब आहे, ३.६ इंच, त्यामुळे मॅग्नम लांबीचीच अ‍ॅक्शन (बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो भाग) लागते आणि ती जड पडते. हे नको असेल तर २००७ मध्ये आलेलं .३७५ रूगर बघा, बेल्ट नाही, स्टँडर्ड लांबीच्या अ‍ॅक्शनमध्ये बसतं, गोळ्या त्याच. फक्त रायफल ठरवायच्या आधी त्याच्या रिकाम्या केसेस तुम्हाला नियमित मिळतील का, ते विचारून घ्या.