बाह्य ग्रहांवरील जड हायड्रोजन आणि ‘एडीएस’ची शोधसेवा

गुरूपासून नेपच्यूनपर्यंतच्या ग्रहांच्या वातावरणात जड हायड्रोजन, म्हणजेच केंद्रकात एक न्यूट्रॉन जास्त असलेला ड्युटेरियम, आला कोठून, याचा मूळ शोधनिबंधांतून माग काढायचा असेल, तर नासाच्या अर्थसाहाय्यावर चालणारी ‘अ‍ॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम’ (एडीएस) ही शोधनिबंध शोधून देणारी सेवा मला सर्वांत भरवशाची वाटते. ती विनामूल्य आहे आणि वाचनासाठी नोंदणीचीही अट नाही.

तिचे खरे बळ उद्धरणांच्या, म्हणजे कोणत्या निबंधाचा दाखला पुढे कोणी दिला याच्या, साखळीत आहे. नासाच्या गॅलिलिओ यानाची शोधकुपी ७ डिसेंबर १९९५ रोजी गुरूच्या वातावरणात शिरली आणि तेथे दर लाख हायड्रोजन अणूंमागे सुमारे २.६ ड्युटेरियम अणू आढळले. हे प्रमाण सूर्य ज्या वायूतून घडला त्याच्या जवळपास असल्याने, महास्फोटात तयार झालेल्या आणि पुढे ताऱ्यांत केवळ नष्टच होत आलेल्या ड्युटेरियमचा उरलेला अंश गुरूने थेट त्या वायूतून घेतला, असे मानले जाते. या मोजमापावरील १९९८च्या निबंधाची उद्धरणे उघडून पुढे सरकले की हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरील २०१३चा निबंध सापडतो. त्यात लाखामागे युरेनससाठी ४.४ आणि नेपच्यूनसाठी ४.१ हे आकडे आहेत. अतिशीत बर्फात ड्युटेरियम अधिक साठते, आणि या दोन ग्रहांवर हायड्रोजनचे आवरण तुलनेने कमी असल्यामुळे बर्फाचा वाटा वातावरणात उमटतो. मात्र ग्रहाचे अंतरंग पूर्ण घुसळले गेले असे धरल्यास मूळ बर्फातील प्रमाण लाखामागे जेमतेम पाच ते आठ निघते, तर पृथ्वीच्या सागरांत ते १५.६ आहे आणि बहुतेक धूमकेतूंत तितके किंवा त्याहून अधिक. आतला बर्फ धूमकेतूंसारखाच असेल, तर वातावरणात त्याचा वाटा थोडाच दिसतो. मग हे ‘बर्फाळ’ म्हणवले जाणारे ग्रह मुख्यतः खडकाळ आहेत, की आतला बर्फ वर आलाच नाही? या वादाचे धागे त्याच पानावरून उलगडत जातात, आणि एवढ्यासाठी तरी ही सेवा वापरावी.

उणिवा आहेतच. नुसते ‘ड्युटेरियम’ शोधल्यास आंतरतारकीय मेघांवरील निबंधांचा इतका भडिमार होतो की ग्रह त्यात बुडून जातात; सारांशाच्या चौकटीत ग्रहाचे नाव जोडणे अपरिहार्य ठरते. काही निबंध प्रकाशकांच्या शुल्कामागे अडकतात, तरी अर्काइव्ह (arXiv) या खुल्या निबंधसंग्रहावरील मोफत प्रतीचा दुवा पुष्कळदा शेजारीच असतो. नवख्या वाचकाला विषय समजावून सांगणारे येथे काहीच नाही. शिवाय उद्धरणसंख्येनुसार यादी लावली की जुने, गाजलेले निबंध वर राहतात. अलीकडचे आक्षेप वाचायचे असल्यास ती तारखेनुसार लावून घ्यावी.