कोकणात स्वस्तात फिरायचं: दिव्याची पॅसेंजर की एसटीचा पास?

दिवाळी आटोपली की ऑफिसातलं कुणी ना कुणी विचारतंच. स्वतःची गाडी नाही, पैसे बेताचे, सुट्टी चार दिवसांची, आणि कोकण बघायचंय. रेल्वेने जाऊ, की एसटीचा तो ठरावीक दिवस हवं तितकं फिरू देणारा 'आवडेल तेथे प्रवास'वाला पास काढू? मी डोंबिवलीत राहतो, सावंतवाडीची पॅसेंजर जिथून सुटते ते दिवा स्टेशन मला दोन पावलांवर. त्यामुळे सुरुवातीला प्रश्नच नव्हता. तीन वेळा रेल्वेने गेलो. मग एकदा पास काढला आणि त्यानंतर तीनदा पासच काढला. रेल्वेचा मला राग नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लहानपणी आजोळी जाताना मुंबई सेंट्रलची एसटी आणि उलट्या एवढंच आठवतं. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते.

कागदावर रेल्वेच जिंकते, त्यात काही वाद नाही. दिवा ते सावंतवाडी जनरलचं तिकीट दोनशेच्या आत. एवढ्याच अंतराला साध्या लाल गाडीचं तिकीट आठशेच्या पुढे जातं. एसटीचं भाडं मनातल्या मनात काढायचं असेल तर सोपं आहे. सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण दहा रुपये धरा. म्हणजे जाऊन-येऊन रेल्वेला चारशे. तिकडे गेल्यावर चार दिवसांत गावागावांतून अडीचशे किलोमीटर फिरलात तर त्याची एसटीची तिकिटं सव्वाचारशे. सगळं मिळून आठशे-साडेआठशे. चार दिवसांचा साधा पास मी शेवटचा काढला तेव्हा चौदाशेच्या घरात होता. २०२५ मध्येच तो आधी महागला आणि मग खाली आला, म्हणून काढण्याआधी आगारात एकदा विचाराच. तरी सरळ हिशोबाने पास पाचशेने महाग.

मग मी पासाकडे कसा वळलो? रिक्षामुळे.

कोकण रेल्वेचा मार्ग समुद्रापासून बराच आत, डोंगर आणि किनारा यांच्या मधल्या पट्ट्यातून गेलाय. आपल्याला जायचं असतं दापोलीला, गुहागरला, देवगडला, मालवणला. यातल्या एकाही गावाला स्टेशन नाही. खेडला उतरून दापोली तीसेक किलोमीटर, चिपळूणहून गुहागर त्याहून लांब. बरं, ज्या गावांच्या नावाची स्टेशनं आहेत तीही त्या गावांत आहेत असं नाही. एक खूणगाठ बांधून ठेवा: स्टेशनाच्या नावामागे 'रोड' लागलं असेल तर बहुतेक वेळा गाव तिथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता तिथे आहे. राजापूर रोड, सावंतवाडी रोड. राजापूर रोडवरून राजापूर पंधरा किलोमीटरच्या पुढेच. सावंतवाडीचं स्टेशन मळगावात. आणि रत्नागिरीच्या नावात 'रोड' नसूनही एसटी स्टँड गाठायला पाच-सहा किलोमीटर पडतातच.

माझी गंमत अशाच एका 'रोड'वर झाली. कुठल्या, ते सांगत नाही. गाडीला उशीर झाला होता. एकेरी मार्गावर पॅसेंजरने बाजूला थांबायचं आणि मागून-पुढून येणाऱ्यांना वाट द्यायची, हे चालायचंच. उतरलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. माझ्यासोबत उतरलेल्या सात-आठ जणांना न्यायला कुणी ना कुणी आलं होतं. पाच मिनिटांत फलाट रिकामा. बाहेर एकच रिक्षा, आणि ती फक्त माझ्यासाठीच थांबलेली. गावात सोडायचे चारशे म्हणाला. मी म्हटलं, अहो, दिव्याहून इथवर यायला याच्या निम्मेही लागले नाहीत. तो शांतपणे म्हणाला, "मग दिव्याला परत जावा की. तिकीट स्वस्त आसा." बसलो. त्याचंही चुकत नव्हतं. रिकामी रिक्षा घेऊन परतायचं होतं त्याला.

त्या ट्रिपमध्ये असं तीनदा झालं. चारशे, अडीचशे, तीनशे. घरी आल्यावर वहीत मांडलं तर साडेनऊशे रुपये नुसते स्टेशन ते गाव आणि गाव ते स्टेशन यात गेले होते. रेल्वेच्या दोन्ही तिकिटांच्या दुपटीहून जास्त. कागदावरची पाचशेची बचत तिथेच संपली, वर चारशे-साडेचारशेचा खड्डा. पैशापेक्षाही मला डाचलं ते दुसरंच. लहान स्टेशनांवर दिवसाला एक-दोनच गाड्या थांबतात. म्हणून सगळा दिवस त्या एका गाडीच्या वेळेभोवती बांधला जातो. किनाऱ्यावर बसलोय, सूर्य बुडायला अजून अर्धा तास आहे, आणि डोक्यात चाललंय की आता उठलं नाही तर रिक्षा मिळायची नाही.

एसटी स्टँडवर सोडते आणि स्टँड बहुतेक बाजारात असतो. बॅग पाठीला लावायची आणि समोरच्या हॉटेलात उसळ-पाव मागवायचा. एवढाच फरक, पण मला तो फार मोठा वाटतो.

पासाचा खरा फायदा मला दुसऱ्या खेपेला कळला, आणि तो भाड्यातला नव्हता. पास खिशात असला की चुकणं परवडतं. गुहागरला जायचं म्हणून दापोलीहून निघालो होतो. रस्त्याने जायचं तर खेड-चिपळूण करून मोठा वळसा. स्टँडवर एका आजोबांनी सांगितलं, कशाला, दाभोळची गाडी पकडा, खाली फेरी आहे. दाभोळला उतरलो, जेटीवर गेलो. फेरीबोटीत मोटारी, दुचाक्या, टोपल्या घेतलेल्या दोन कोळणी आणि मी. पायी जाणाऱ्याला फेरी किरकोळ पैशांत पडते. पलीकडे धोपावे. तिथे मात्र गुहागरची गाडी दीड तासाने होती. मधेच वेलदूरची एक आली, तीत बसलो, चुकीच्या दिशेला गेलो, तीच गाडी परत फिरली आणि पुन्हा धोपाव्याच्या फाट्यावर उतरलो. एक रुपया गेला नाही. तिकीट काढून असा फिरलो असतो तर स्वतःलाच शिव्या दिल्या असत्या. गुहागरहून पुढे तवसाळला जाऊन दुसरी फेरी घेतली की जयगड, आणि तिथून गणपतीपुळे. समुद्राच्या कडेकडेने असं सरकत जाणं रेल्वेवाल्याच्या नशिबी नाही. त्याला दर वेळी आत, स्टेशनाकडे परतावं लागतं.

आता पासाची दुसरी बाजू. पासाचा दिवस रात्री बाराला सुरू होतो आणि रात्री बारालाच संपतो. पहिल्यांदा मी संध्याकाळच्या गाडीने निघालो आणि चारातला एक पूर्ण दिवस पाच तासांत उडवला. आता पहाटेची पहिली गाडी पकडतो, दुपारी जेवायला दापोलीत. परत येताना तिसऱ्या दिवशी रात्रीची गाडी, म्हणजे चौथ्या दिवशी सकाळी घरी आणि एका रात्रीचं लॉजचं भाडंही वाचतं. चौथ्या दिवशी रात्री निघालात तर बारानंतर पास संपलेला असेल, पुढचं तिकीट काढावं लागेल.

आणि पास म्हणजे सीट नव्हे. लांबच्या गाडीला आरक्षणाचा आकार भरून जागा धरून ठेवा, नाहीतर पनवेलपासून माणगावपर्यंत उभं राहायची तयारी ठेवा. मुंबई-गोवा रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही. रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, एवढंच पुरे. कंबरेचा त्रास असेल तर जनरलचा बाकही बरा वाटेल. तिथे निदान उठून दारात उभं राहता येतं, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडताना तोंडावर हवा घेता येते. ते सुख एसटीत नाही, कबूल.

बायकोला घेऊन जात असाल तर हिशोब पुन्हा बदलतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, सगळ्या प्रकारच्या गाड्यांत, राज्याच्या हद्दीपर्यंत. त्यामुळे आमच्याकडे पास मी काढतो, ती काढत नाही. ती टप्प्याटप्प्याला अर्धं तिकीट काढते आणि चार दिवसांनी तिचा खर्च माझ्याहून कमी निघतो. हे ती मला प्रत्येक स्टँडवर ऐकवते. आई अठ्ठ्याहत्तरची, तिला पंचाहत्तरीनंतर फुकट, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. मागच्या फेब्रुवारीत आम्ही तिघं गेलो तेव्हा पैसे देऊन फिरणारा मीच एकटा वाटत होतो.

उलट तुम्ही तिघं-चौघं मित्र असाल तर माझं रिक्षाचं रडगाणं तुम्हाला लागू नाही. चारशे भागिले चार म्हणजे वडापावचे पैसे. मग रेल्वेने जा, खुशाल जा. फक्त कुडाळ, कणकवली, चिपळूण अशा स्टेशनांवर उतरा, जिथून गाव आणि स्टँड दोन्ही आवाक्यात आहेत. तळकोकणच बघायचं असेल, म्हणजे मालवण, वेंगुर्ला, तर कुडाळला उतरणं मलाही पटतं. तेवढ्या लांब एसटीत बारा तास बसून जाणं हा हट्ट झाला. चार दिवसांतले दोन प्रवासात गेले तर पास फिटला तरी उपयोग काय? तळकोकणासाठी पास काढायचाच असेल तर सात दिवसांचा काढा.

गणपती, शिमगा आणि मे महिना या दिवसांत मात्र यातलं काहीच वाचू नका. तेव्हा दिव्याला डब्यात पाय ठेवायला जागा नसते आणि एसटीत पास दाखवायला हात वर करता येत नाही. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीचं तर बघता बघता वेटिंगवर जातं. तेव्हा मिळेल ते घ्यायचं.

राहण्या-खाण्याच्या खर्चात दोन्हींत फरक नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. एकच सांगतो. स्टँडवर उतरलात की आधी चौकशीच्या खिडकीवर सकाळची पहिली गाडी विचारून घ्या आणि मगच खोली बघा, स्टँडपासून चालत जाता येईल अशी. वस्तीची गाडी असेल, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला येऊन पहाटे परत निघणारी, तर तिच्या कंडक्टरशी दोन शब्द बोलून ठेवा. गुहागरला अशाच एका कंडक्टरने मला विचारलं होतं, "सकाळी पावणेसहाला निघतो, उठणार ना नक्की?" आणि पावणेसहाला मी दिसलो नाही तर खोलीवाल्याला हाक मारायला ड्रायव्हरला पाठवलं. गाडीत आधीच आठ-दहा माणसं बसलेली. मी डोळे चोळत चढलो तेव्हा कुणी काही बोललं नाही, फक्त एका बाईने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

या डिसेंबरात पुन्हा जायचं चाललंय. बायको म्हणते, एकदा रेल्वेने जाऊ, मांडवी एक्स्प्रेसमधलं खाणं खाऊ, मला खिडकीतून पूल बघायचेत. मी नाही म्हटलेलं नाही. फक्त विचारलं, स्टेशनवर उतरल्यावर पुढे कसं जायचं?