डिस्क रिपेअरच्या नावाखाली ४,९९९ गेले, डेटा गेला तो वेगळाच

माझ्याकडे जुना डेस्कटॉप आहे, विंडोज ७ वाला, ५०० जीबीची हार्ड डिस्क. दिवाळीनंतर तो चालू केला की दरवेळी आपोआप डिस्क चेकिंग सुरू व्हायचं, टक्के मोजत पाऊण तास तिथंच. आत लेकीच्या बारशापासूनचे फोटो आणि बाबांच्या आवाजाची दोन रेकॉर्डिंगं, दुसरी कॉपी कुठेच नाही, त्यामुळे जीव नुसता खालीवर.

नेटवर डिस्क रिपेअर टूल शोधलं आणि सगळ्यात वर जे दिसलं ते डाउनलोड केलं, ते जाहिरातीचं होतं हे पाहिलंच नाही. दोन मिनिटांत स्कॅन संपला आणि लाल अक्षरात हजाराच्या वर एरर. एवढ्या डिस्कचा पूर्ण सरफेस स्कॅन (डिस्कचा प्रत्येक भाग वाचून बघणं) धडधाकट असली तरी तास-दीड तास घेतो, हे मला तेव्हा माहीत असतं तर तिथंच थांबलो असतो. खाली हेल्पलाइन नंबर होता, तो लावला.

पलीकडचा माणूस अगदी गोड बोलणारा, आधी हिंदीत, मग मराठीत, "सर टेन्शन घेऊ नका, मी आहे ना." स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला लावलं, मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची स्वतःची नोंदवही) उघडून लाल खुणा दाखवल्या, म्हणे व्हायरसने डिस्क खाल्लीय. असल्या नोंदी चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवर पण ढिगाने असतात. मग कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत असॉक (assoc) ही कमांड टाइप करायला सांगितलं, भराभर लांब यादी आली, तिच्या तळाशी ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक मोठा नंबर, आणि मी वाचायच्या आधी त्यानेच तो फोनवर घडाघडा म्हणून दाखवला. "हा तुमच्या मशीनचा लायसन्स आयडी, आमच्या सर्व्हरवर एरर आलाय म्हणून माझ्याकडे आहे." इथे माझा पूर्ण विश्वास बसला. यूपीआयने ४,९९९ पाठवले.

नंतर भाच्याने स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर तीच कमांड देऊन दाखवली, अक्षर न अक्षर तोच नंबर! तो विंडोजच्याच एका फाइल प्रकाराचा कोड आहे, सगळ्यांकडे सारखाच असतो.

पैशापेक्षा मोठं नुकसान त्या रात्री झालं. त्याने "डीप रिपेअर" म्हणून काहीतरी लावलं, त्यात डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे हलवून एकत्र लावणं) पण होतं, आणि सकाळपर्यंत बंद करू नका म्हणाला. मरायला टेकलेल्या डिस्कवर रात्रभर वाचन-लेखन चालू, आणि पहाटे आतून कट् कट् आवाज यायला लागला. भाच्याने डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून त्याच्या लॅपटॉपला जोडली, क्रिस्टलडिस्कइन्फोने (हे फुकट मिळतं) लगेच पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कचे नीट वाचता न येणारे छोटे भाग, दाखवले. तो म्हणाला, मामा, खराब झालेला सेक्टर कुठलंच सॉफ्टवेअर बरा करत नाही, फार तर तो बाजूला ठेवून पुढे जातं, म्हणून आधी जेवढं वाचता येतंय तेवढं दुसरीकडे कॉपी करायचं, चेकडिस्क (ते विंडोजचं डिस्क चेकिंग) वगैरे त्याच्यानंतर. बारशाचे बरेच फोटो आले. बाबांचं एकच रेकॉर्डिंग उघडतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला पण नऊ दिवस उलटून गेले होते, शरमेने कुणाला सांगितलंच नव्हतं. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकलीय, पैसे अजून आलेले नाहीत. तुमचं असं काही झालं असेल तर त्याच तासाला १९३० लावा, बँकेला कळवा, ते स्क्रीनचं अ‍ॅप काढून टाका आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

आणि एक, दोन महिन्यांनी मला परत फोन आला, आवाज दुसरा. आमची कंपनी बंद होतेय, तुमचे ४,९९९ रिफंड करायचेत, नेट बँकिंग उघडून ठेवा आणि स्क्रीन शेअर करा. एकदा पैसे दिलेल्यांना हे असले फोन परत येतात, तेव्हा ज्यांनी आधी कधी असे पैसे भरलेत त्यांनी रिफंड शब्द ऐकला की फोन कट करा, माझी बायको शेजारी बसली होती म्हणून मी त्या दिवशी वाचलो.