१४४१६ ला फोन केला, माझा अनुभव (नर्सिंगवाल्यांनी नक्की वाचा)

१४४१६ हा टेली मानसचा नंबर, म्हणजे मानसिक त्रासासाठी सरकारची मोफत हेल्पलाईन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, २४ तास चालू असते. मी स्टाफ नर्स आहे, आणि नंबर आमच्या वॉर्डच्या भिंतीवर कधीचा लावलेला होता पण तो पेशंटसाठी आहे असंच वाटायचं मला.

एप्रिल २०२१ मध्ये मी कोविड आयसीयूला होते. पीपीई घातलं की सहा तास पाणी नाही बाथरूम नाही, ते सगळं निभावलं, त्याचं एवढं काही नाही वाटत आता. पण एक काका होते, बायपॅपवर (मास्कमधून श्वास देणारं मशीन), मास्क काढला की ऑक्सिजन धाडकन खाली यायचा त्यामुळे दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. व्हिडिओ कॉलवर काकूंनी विचारलं, सिस्टर, ते जेवले का हो? मी म्हटलं हो, वरणभात खाल्ला थोडा. पहाटे काका गेले. बॉडी आम्हीच पॅक केली आणि लगेच त्या बेडवर दुसरा पेशंट आला, रडायला वेळच नव्हता. नंतर काकू फोनवर म्हणाल्या, जेवून गेले एवढं तरी बरं झालं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. घरी वरणभात केला की मला घास उतरायचा नाही आणि घरचे म्हणायचे ॲसिडिटी असेल.

मागच्या महिन्यात नाईट संपवून बस स्टॉपवर बसले होते, तिथूनच लावला फोन. भाषा विचारतात, मराठी निवडली. पलीकडे एक मॅडम होत्या, नाव सांगायचा आग्रह नाही केला. मला वाटलं आता म्हणतील तुम्ही तर योद्धा आहात वगैरे, ते ऐकून ऐकून कंटाळा आलाय खरंच, २०२० ला थाळ्या वाजल्या तेव्हा बरं वाटलं होतं पण तू झोपतेस का असं कोणी विचारलं नाही नंतर. या मॅडमनी तेच विचारलं. मग म्हणाल्या, हे आधी कुणाशी बोललात का? तिथे माझा बांध फुटला, दोन बस गेल्या समोरून. त्यांनी घाई केली नाही, खोटं बोललात ते चूक की बरोबर यातही पडल्या नाहीत, काका कसे होते ते विचारलं. चार वर्षांत काकांबद्दल मी पहिल्यांदा बोलले, ते हाताने खूण करून पंखा कमी करायला सांगायचे ते.

एका फोनमध्ये सगळं बरं होत नाही हे पण सांगते. झोपेसाठी त्यांनी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय, तिथे जायचंय अजून. पण माझ्याकडून ५ पैकी ५. आमच्या बॅचच्या ग्रुपवर नंबर टाकला तर कोणी काही लिहिलं नाही, दोघींचा मात्र रात्री वेगळा मेसेज आला, मराठीत बोलतात ना गं?