सिंगल स्पीड सायकलला सात गियर बसवले, सहा महिन्यांनंतर काय वाटतंय

जूनच्या पहिल्या आठवड्यात काम केलं, आता डिसेंबर संपत आलाय. रोज नाशिकात म्हसरूळ ते सातपूर जाऊन-येऊन बावीस-तेवीस किलोमीटर, शिवाय रविवारी कुठंतरी भटकंती, म्हणजे तीन हजाराच्या आसपास किलोमीटर झाले असतील, म्हटलं आता लिहायला हरकत नाही.

सायकल २६ इंची, लोखंडी फ्रेम, आठ वर्षं जुनी. नवीन गियरची का नाही घेत हे घरात पण विचारून झालं, ऑफिसात पण. पण ही सायकल मला बसते हो, सीट, हँडल, मागच्या कॅरिअरवर डबा बांधायची जागा, सगळं अंगवळणी पडलंय, त्रास होता तो फक्त चढाचा. नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नाशिक असं म्हणतात, खरं खोटं काय ते माहीत नाही, पण रामवाडी पुलावरून गोदावरी ओलांडून अशोक स्तंभाकडे निघालं की गुडघ्याला ते पटतं. तिथं मी सीटवरून उठून उभ्याने पायडल मारायचो आणि तरी शेवटी उतरून ढकलत न्यायचो, पंचेचाळिशीत उजवा गुडघा बोलायला लागला तेव्हा म्हटलं बास.

मला वाटलेलं की गियर बसवणं म्हणजे डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आणि शिफ्टर (हँडलवरचा गियर बदलायचा खटका) लावणं. तसं अजिबात नाही, खरं काम मागच्या चाकाचं आहे आणि हे मला कुणीच आधी सांगितलं नाही. सिंगल स्पीडच्या हबवर (चाकाच्या मधला भाग, जिथं स्पोक येऊन मिळतात) एकच दातेरी चकती बसते, सात चकत्यांची फ्रीव्हील (चकत्यांचा जुडगा) लावायला ॲक्सल म्हणजे चाकाचा दांडा लांब लागतो, माझ्या फ्रेमच्या मागच्या चिमट्यात, जिथं चाक बसतं तिथं, १२० मिलिमीटर जागा होती आणि नव्या हबला १३० लागत होती. फ्रेम लोखंडी म्हणून मामांनी (मेकॅनिक, भद्रकालीत बसतात, सत्तरीच्या घरातले) ती हळूहळू ताणून बसवली, मध्येमध्ये दोरा लावून दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघत होते. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर हा उद्योग करायचा नाही, ती वाकत नाही, तडकते. मग सगळे स्पोक काढून नव्या हबवर रिम परत विणायची आणि रिम फ्रेमच्या मधोमध येईल अशी उजवीकडे ओढून घ्यायची, कारण फ्रीव्हीलने उजवीकडची जागा खाल्लेली असते. उजवीकडचे स्पोक त्यामुळे जास्त ताणलेले राहतात, पहिल्या महिन्यात चाक दोनदा आउट झालं (वाकडं फिरायला लागलं) ते यामुळेच, नंतर बसलं.

पण मामा मला नंतर भेटले, आधी एका दुसऱ्याच दुकानात दिली होती सायकल, तिथं दोन चुका झाल्या. एक म्हणजे जुनीच चेन ठेवली. सिंगल स्पीडची चेन रुंद असते, सात चकत्या जवळजवळ असतात, ती शेजारच्या चकतीला घासत राहते आणि आवाज असा की कुणी मागे पत्रा ओढत चाललंय. दुसरी चूक महागात पडली. डिरेलरला दोन बारीक स्क्रू असतात, एच आणि एल, त्यातला एल म्हणजे चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे जाऊ नये म्हणून, तो त्याने सेटच केला नव्हता आणि स्पोकच्या आधीची प्लास्टिकची थाळी शोभेची म्हणून काढून टाकली.

श्रावणात त्र्यंबकला निघालो, अंजनेरीच्या अलीकडे चढावर मोठ्या हौसेने पहिला गियर टाकला, खटकन आवाज आला आणि चाक जागेवर जाम. चेन मोठी चकती ओलांडून स्पोकमध्ये गेली आणि तिच्यामागोमाग डिरेलर पण आत ओढला गेला. चार स्पोक तुटले, डिरेलरचा हूक विळ्यासारखा वाकला. भुरभुर पाऊस, हात काळे, शेवटी भाजीच्या रिकाम्या पिकअपमध्ये सायकल टाकून सातपूरपर्यंत आलो. दुकानदार म्हणाला तुम्ही गियर जोरात टाकला असेल. त्याच्याशी वाद घातला नाही, सायकल मामांकडे नेली.

आता सेटिंग असं आहे: पुढं जुनीच ४४ दात्यांची चकती, मागं १४ ते ३४ ची सात गियरची फ्रीव्हील, शिमानो टुर्नी डिरेलर हूकवाला (फ्रेमला डिरेलरची जागा नसते म्हणून हूक ॲक्सलच्या नटाखाली येतो), अंगठ्याचा शिफ्टर. आधी मागं १८ दाते होते म्हणजे एका पायडलला सायकल साधारण ५ मीटर जायची, आता पहिल्या गियरला पावणेतीनच्या आसपास. रामवाडीचा चढ बसूनच होतो, ढकलणं बंद. सातव्याला साडेसहा मीटर जाते पण तो मी फार वापरत नाही, सपाटीवर चौथा-पाचवा. पुढं पण तीन चकत्या टाकून एकवीस गियर कर असं जो तो सांगतो, मला काही गरज वाटत नाही. वेग वाढेल या आशेने करणार असाल तर निराश व्हाल, माझा ऑफिसला पोचायचा वेळ फार तर तीन-चार मिनिटांनी कमी झालाय.

सवय मात्र बदलावी लागते. थांबलेल्या सायकलचा गियर पडत नाही, पायडल फिरता हवा, त्यामुळे सिग्नल दिसला की आधीच खाली उतरवायचा, नाहीतर मेहेर सिग्नलला हिरवा लागल्यावर सातव्यात अडकून मागच्या रिक्षावाल्याचं ऐकून घ्यायचं. आणि चढ सुरू व्हायच्या आधी गियर टाकायचा, पूर्ण जोर लावलेला असताना टाकला की कडकड होते.

शेजारचे एक काका म्हणाले गियर म्हणजे पाय थकलेल्यांची सोय. त्यांना सांगितलं की टूर दि फ्रान्स या सायकल शर्यतीत पण १९३७ पर्यंत डिरेलरला बंदीच होती, नंतर त्यांनाही लावावेच लागले. आणि आपल्याच नाशिकचे महाजन बंधू २०१५ मध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत पूर्ण करून आले ते काय बिनगियरच्या सायकलवर? काका हसले, विषय संपला.

देखभाल वाढलीये हे खरं. नवीन केबल पंधरा दिवसांत थोडी सैल पडते, गियर मध्येच उडायला लागतात, तेव्हा डिरेलरच्या मागं केबल आत शिरते तिथली छोटी गोल चाकी अर्धा फेरा सोडायची, बस्स, दुकानात जायची गरज नाही. पावसात डिरेलरच्या दोन लहान चाकांमध्ये चिखल आणि केसांचा गुंता बसतो, जुना टूथब्रश आणि रॉकेल. पूर्वी सहा महिन्यांनी एकदा ओव्हरऑइलिंग केलं की मोकळा, आता दर रविवारी चेन पुसून तेल.

खर्च हब, फ्रीव्हील, डिरेलर, शिफ्टर, चेन, मजुरी मिळून साडेतीन हजारांच्या आत-बाहेर, त्यात पहिल्या दुकानाची फजिती धरलेली नाही. रिम गंजलेली असेल किंवा फ्रेमला वेल्डिंग झालेलं असेल तर यात पैसे घालू नका, सेकंडहँड गियरची बघा.

आता अडलंय ते ब्रेकला. चढ सोपे झाले म्हणून पांडवलेणीच्या बाजूला जास्त जातो आणि तितकाच उतरतो पण, मागचे ब्रेक शू दोन महिन्यांत संपले. व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे लांब दांड्यांचे ब्रेक) लावावेत तर फ्रेमला ते बसवायचे खुंटच नाहीत, मामा म्हणतात वेल्डिंग करून देतो, मी अजून हो म्हटलेलं नाही.