रिकाम्या घराचे फोटो सजवायचे: एआयवर सोडावं की हातानं मांडावं?

रिकाम्या खोलीच्या फोटोत सॉफ्टवेअरनं सोफा, पलंग, पडदे मांडून दाखवायचे, हा प्रकार आता तालुक्याच्या गावातले प्रॉपर्टीवालेही करू लागलेत. मीही करतो. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-पुलगाव पट्ट्यात माझ्याकडे येणारी घरं बहुतेक एकाच जातीची असतात. मुलं नागपूर-पुण्याला गेली, मागोमाग म्हातारी माणसं गेली, सामान हललं आणि घराला कुलूप लागलं. घेणारा एखादा शिक्षक असतो, पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेला असतो, नाहीतर हिंजवडीत बसून आईवडिलांसाठी घर शोधणारा मुलगा असतो. हा मुलगा सगळ्यात महत्त्वाचा. तो आधी व्हॉट्सॲपवर घर पाहतो आणि पटलं तरच बाबांना पाठवतो.

खरं फर्निचर आणून फोटो काढायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्या. आपल्याकडे भाड्यानं सोफा मिळतो तो बिछायत केंद्रात, म्हणजे लग्नाचं सामान देणाऱ्याकडे, आणि तो मरून रंगाच्या मखमलीचा, सोनेरी पायांचा असतो. हॉलमध्ये ठेवला की घर विक्रीला आहे की रिसेप्शन आहे, तेच कळत नाही.

राहिली दोन प्रकारची सॉफ्टवेअर. एका प्रकारात फोटो टाकायचा, बेडरूम की हॉल ते सांगायचं, स्टाइल निवडायची, आणि चहा यायच्या आत एआय खोली सजवून देतं. दुसऱ्या प्रकारात काम आपल्याच हातानं करायचं. जमिनीची रेषा आणि भिंतीचा कोपरा दाखवून द्यायचा, कॅटलॉगमधून एकेक वस्तू उचलून ठेवायची, फिरवायची, लहानमोठी करायची आणि शेवटी रेंडर करायचं, म्हणजे पक्कं चित्र काढून घ्यायचं. तिसरा मार्ग बॉक्सब्राउनीसारख्या सेवांचा. ही ऑस्ट्रेलियातली कंपनी, तिची माणसं बसून हे काम करून देतात. पण थांबावं लागतं आणि हिशेब डॉलरमध्ये. वीस-बावीस लाखांच्या घरावर आपलं कमिशन ते किती, त्यातून हे कुठं बसवायचं? म्हणून तिकडं मी फारसा वळलो नाही. शहरातल्या फ्लॅटवाल्यांना परवडेल.

वेगाचं म्हणाल तर एआयचा हात कोणी धरू शकत नाही. मोबाइलवर चालतं, नेटवर्क जेमतेम असलं तरी भागतं. हातानं मांडायच्या सॉफ्टवेअरला लॅपटॉप लागतो, बरं नेट लागतं, आणि मध्येच लाइन गेली तर केलेलं काम जपून ठेवलं होतं का, हा घोर. एका खोलीला अर्धा तास सहज जातो. सुरुवातीला त्याहून जास्त, कारण पलंग जमिनीवर टेकलेला न दिसता हवेत तरंगतो. सावली नीट पडेपर्यंत जीव जातो. दिसायलाही एआयचा फोटो जास्त गुळगुळीत असतो, हे मान्य करायला हवं.

एवढं सगळं एआयच्या बाजूनं असूनही माझं मत दुसरीकडं गेलं, ते एका खिडकीपायी.

आपल्या भागात होळी झाली की कूलर निघतो आणि पाऊस नीट लागेपर्यंत घर त्याच्यावरच चालतं. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा घेणारा माणूस खोलीत शिरला की आधी खिडक्या बघतो. कूलर बाहेरून कोणत्या खिडकीत बसेल, त्याच्यावर सज्जा आहे का, स्विचबोर्ड किती लांब, पाणी भरायला नळ जवळ आहे का, आणि समोरच्या बाजूला दमट हवा बाहेर जायला दुसरी खिडकी आहे का. दुसरी खिडकी नसेल तर कूलर लावूनही अंग चिकचिक करतं, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

आता एआय काय करतं? ते खोलीत फर्निचर नुसतं ठेवत नाही, फोटो पाहून अख्खं चित्रच नव्यानं काढतं. त्या नादात जाळीची खिडकी सरळ मोठी काच होते. खिडकीबाहेरचा कूलरचा लोखंडी अँगल त्याला कचरा वाटतो, तो पुसून टाकतं. स्विचबोर्ड जातो, तिथं चौकटीतलं चित्र येतं. उरलेल्या खिडकीवर जमिनीपर्यंत पडदे सोडतं आणि पुढं सोफा लावून वाट अडवतं. पुन्हा करायला सांगितलं तर अँगल परत येतो, पण बाथरूमचं दार गायब. आणखी एकदा केलं तर शहाबादी फरशीची लाकडी जमीन झालेली.

एका घराचे असे फोटो मी एका जोडप्याला दाखवले. साहेब पडद्यांवर खूश होते. बाई मोबाइल जवळ घेऊन, बोटांनी फोटो मोठा करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सोफा जाऊ द्या भाऊ, कूलर कोन्या खिडकीत लावाचा मंग?" खिडकी होती, अँगलही होता, फोटोत मात्र नव्हता. घर दाखवल्यावर त्यांची खात्री पटली, पण पुढं प्रत्येक फोटोला "हे खरं आहे का?" हा प्रश्न चिकटला तो चिकटलाच. घर चांगलं असून भाव सांगताना आपलाच आवाज खाली येतो, यासारखा वैताग नाही.

हातानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही भानगड नसते. मागचा फोटो जसाच्या तसा राहतो, वस्तू त्याच्यावर बसतात. भिंतीला पोपडा असेल तर पोपडा दिसतो, अँगल गंजलेला असेल तर गंजलेला दिसतो. कूलरची खिडकी मी मुद्दाम मोकळी ठेवतो आणि पलंग तिच्यासमोर मांडतो. काही एआय सॉफ्टवेअरमध्ये ठराविक भाग झाकून 'इथं हात लावू नको' असं सांगायची सोय आली आहे, आणि तिनं फरक पडतो हेही खरं. माझ्या अनुभवात कडांना थोडी खोड तरीही राहतेच. पुढं सुधारेल कदाचित.

दुसरी गोष्ट मापाची. मोबाइलच्या 0.5 लेन्सनं, म्हणजे खोली रुंद दाखवणाऱ्या लेन्सनं, कोपऱ्यातून काढलेल्या फोटोत दहा बाय दहाची खोली हॉलसारखी दिसते. एआयला खोलीचं माप ठाऊक नसतं, मग ते त्यात डबलबेड, दोन साइड टेबल, आरामखुर्ची आणि झाड असं सगळं कोंबतं. नीट बघितलं तर तो पलंग चार फुटी पोराचा असतो. खरा सहा बाय साडेसहाचा पलंग ठेवला की त्या खोलीत एका बाजूला जेमतेम चार फूट उरतात, आणि लोखंडी कपाट त्यातच बसवायचं असतं. हातानं मांडताना मी दाराच्या उंचीवरून अंदाज धरतो. दार साधारण सात फुटी, त्या हिशेबानं पलंग. खोली लहान दिसते, पण येणारा माणूस दारात थबकत नाही.

एआयची एक बाजू मला खरोखर आवडते. हाताच्या सॉफ्टवेअरचं कॅटलॉग परदेशी असतं. त्यात दिवाण नाही, देव्हारा नाही, आणि बंगई, म्हणजे झोपाळा, तर नाहीच. एआयला शब्दांत सांगितलं तर ओसरीत साखळ्यांची लाकडी बंगई टांगून देतं, आणि छान देतं. वऱ्हाडातल्या माणसाला ओसरीतली बंगई दिसली की निम्मं काम झालं. म्हणून ओसरीचा एखादा फोटो मी अजूनही एआयकडून करून घेतो, तिथं ना कूलर ना कपाट. स्वयंपाकघराला मात्र दोन्हींपैकी काहीच लावत नाही. ओटा घासून पुसून, नळ चालू करून खरा फोटो टाकतो.

कोणतंही घ्या, फोटोवरच 'फर्निचर काल्पनिक आहे' असं ठळक लिहा. खाली कॅप्शन देऊन भागत नाही, फोटो पुढं पाठवताना कॅप्शन मागं राहतं. सोबत रिकाम्या खोलीचा मूळ फोटोही द्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2026 पासून हे कायद्यानंच आलं आहे, बदललेला फोटो असेल तर तसं सांगायचं आणि मूळ फोटो बघायची सोय द्यायची. आपल्याकडे जुन्या घराच्या व्यवहाराला असा थेट नियम माझ्या कामात आडवा आलेला नाही. पण लेआउटमधल्या नव्या डुप्लेक्सची जाहिरात करत असाल तर बिल्डरला रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याचं कलम 12 लागू होतं. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. काचेची खिडकी दाखवून जाळीची दिली, तर वाद तिथंच सुरू होईल.

पैशाचं थोडक्यात. बहुतेक ठिकाणी यूपीआय चालत नाही, कार्ड लागतं, आणि कार्डावरचे परदेशी ऑनलाइन व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. महिन्याची वर्गणी घेऊ नका. आपल्याकडे महिन्याला घरं ती किती येतात! फोटोमागे पैसे घेणारं बघा. हातानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय सापडते.

वर्ध्याला किंवा अमरावतीला एकसारख्या वीस डुप्लेक्सची स्कीम विकत असाल, घरं कोरी आणि खिडक्या सगळीकडे सारख्या, तर खुशाल एआय घ्या, तुमचा वेळ वाचेल. एखाददुसरं जुनं घर असेल, बघणारा लांबचा आणि येणारे त्याचे आईबाप असतील, तर अर्धा तास घालवून हातानं मांडलेलं बरं, असं मला वाटतं. हॉल आणि एक बेडरूम, दोनच फोटो पुरतात.

गावठाणातलं कवेलूचं म्हणजे कौलांचं, मातीच्या भिंतींचं घर असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. एआय त्या भिंतींना गिलावा करून टाकतं आणि हाताचा सोफा तिथं उपरा दिसतो. अंगण झाडून, दारं उघडून सकाळच्या उन्हात साधे फोटो काढा. आणि गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद देणाऱ्या स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका निघाली असेल तर तिचा फोटो सगळ्यात आधी टाका. अशा घरांसाठी मला येणारे फोन त्या कागदाबद्दलच असतात.